साधनापेक्षा एक किलोमीटर जास्त

साधनाने इलेक्ट्रिक स्कूटर आणली त्या दिवशी पायलने तिच्या हातचा पेढा खाल्ला, "अय्या, काय गोड रंग आहे गं!" म्हणाली, गाडीच्या सीटवरून दोनदा हात फिरवला आणि वर येऊन सलग तीन पोळ्या करपवल्या.

तसं पायलचं कुणाशी वाकडं नव्हतं. बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. नवरा संघपाल जाफराबादकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर, सकाळच्या एसटीने जायचा आणि संध्याकाळी खडूने पांढरे झालेले खिसे घेऊन यायचा. घरात सासूबाई बेबीनंदा आणि साडेपाच वर्षांची अर्पिता. नवीन जालन्यात स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. समोरच्या दारात साधना, तिचा नवरा हरिओम बियाण्यांच्या कंपनीत, आणि मुलगा धर्मराज, जो अर्पिताच्याच वर्गात होता. दोन्ही दारं एकमेकांसमोर असल्यामुळे कुणाकडे फोडणी कशाची पडली हे न विचारता कळायचं. इतकी वर्षं ते बरं चाललं होतं, कारण दोन्ही घरांत फोडणी साधारण सारखीच होती.

पेढा देतानाच साधना म्हणाली होती, "पायलताई, उद्यापासून अर्पीला मीच नेत जाईन शाळेत. धर्मूला न्यायचंच असतं. तुम्ही कशाला उन्हातान्हात पायी जाता?"

आता यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं, आणि पायलचा खरा त्रास तोच होता. शेजारी वाईट वागला तर सरळ भांडता येतं. चांगला वागला तर त्याचं करायचं काय, हे बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पायल रोज सकाळी गॅलरीत उभी राहू लागली. खाली साधना गाडी काढायची. धर्मराज मागे बसून आईच्या कमरेला घट्ट धरायचा. अर्पिता गुलाबी हेल्मेट घालून पुढच्या फळीवर उभी राहायची, साधनाच्या दोन्ही हातांच्या मधे. पायल वरून हात हलवायची. पहिल्या दिवशी अर्पिताने वळून दोन्ही हात हलवले. दुसऱ्या दिवशी एक. चौथ्या दिवशी तिने वर पाहिलंच नाही, कारण साधना काकूने तिला हॉर्न वाजवायला दिला होता.

त्या संध्याकाळी अर्पिता दूध पिता पिता म्हणाली, "मम्मी, साधना काकूची गाडी बिलकुल आवाज करत नाही."

"हो का?"

"हो. तूच करतेस."

बेबीनंदा पदराआड हसल्या. पायल मात्र हसली नाही. ती उठून कचरा टाकायला खाली गेली. कचऱ्याची बादली निम्मीही भरली नव्हती, पण साधनाची गाडी कचराकुंडीच्या शेजारीच उभी असायची आणि तिच्या काचेवर चार्जिंगचा आकडा दिसायचा. ऐंशी टक्के. पायलने बादली उपडी केली आणि मनात हिशेब केला. साधना सांगत होती, एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटर. म्हणजे अजून ऐंशी शिल्लक. ऐंशी किलोमीटरमध्ये ही बाई माझ्या पोरीला घेऊन कुठल्या कुठे जाईल!

यापुढे पायलच्या घरातून दिवसाला चार-पाच वेळा कचरा निघू लागला. "येवढा कचरा येतो कुठून बाई आपल्या घरात?" असं बेबीनंदांनी विचारलं, तेव्हा पायल म्हणाली, "आई, स्वच्छता असली की कचरा दिसतो."

इथवर सगळं मनातल्या मनात होतं. मग दीडेक महिन्याने शाळेतून चिठ्ठी आली. दोन आठवड्यांनी, शनिवारी, शाळेपासून मोती तलावापर्यंत 'हरित फेरी' काढायची होती. ज्या पालकांकडे विजेवर चालणारं वाहन आहे त्यांनी मुलाला घेऊन सामील व्हावं, मुलांना हिरवे झेंडे मिळतील. पायलने लगेच बाईंना फोन लावला. अक्षता मॅडम म्हणजे अर्पिताच्या वर्गाच्या बाई, आवाज मधात भिजवल्यासारखा.

"अर्पिताचं नाव लिहून घेतलंय मी. तिनंच सांगितलं ना, साधना काकूबरोबर येणार म्हणून. पालक या रकान्यात त्यांचंच नाव टाकलंय."

पालक या रकान्यात! पायलने फोन ठेवला. नऊ महिने, चोवीस तासांच्या कळा, दोन वर्षं रात्रीची जागरणं, लसीच्या डोसाची प्रत्येक तारीख वहीत, आणि रकाना साधनाचा. त्याच क्षणी तिने ठरवलं: शनिवारी अर्पिता येणार तर आपल्या गाडीवर, आपल्या दोन हातांच्या मधे. बाकी जगात काय व्हायचं ते होवो.

पायलकडे लायसन्स नव्हतं. दोनदा परीक्षा दिली होती आणि दोन्ही वेळा आठच्या आकड्यात पाय टेकला होता. त्यामुळे कंपनीची वेगवान गाडी बाद. पण कमी वेगाची, ताशी पंचवीसची गाडी चालवायला लायसन्स लागत नाही हे तिला माहीत होतं, आणि अशा गाड्या जुन्या जालन्यात कुंडलिकेच्या पुलापलीकडे भुजंगच्या दुकानात मिळत. भुजंगची पद्धत अशी की गाडी आणि मोटर त्याची, बॅटरी गिऱ्हाइकाच्या पसंतीची. कापडाच्या दुकानात तागा उलगडावा तशा तो बॅटऱ्या मांडून बसायचा.

"ताई, आधी ऐका," भुजंग म्हणाला. "मोटर साठ व्होल्टची, कंट्रोलर साठचा. म्हणून व्होल्टात मर्जी चालत न्हाई. हौसेनं बहात्तरची लावली की कंट्रोलर बसला म्हणून समजा. मर्जी चालती ती अँपिअर-अवरात. व्होल्ट म्हंजी बैलाचा जोर अन् अँपिअर-अवर म्हंजी संगं बांधून घेतलेल्या कडब्याच्या पेंढ्या. जोर तेवढाच ऱ्हाणार. पेंढ्या जास्त असल्या की लांब जाईल."

"ते कळतं मला," पायल म्हणाली. "साठ गुणिले अँपिअर-अवर, म्हणजे वॅट-अवर. किलोमीटरला बावीस-एक लागतात."

भुजंगने पाठ ताठ केली. असं गिऱ्हाईक त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

"मंग तर काम सोपं झालं. रोजचं जाणं किती?"

इथे पायल अडली. शाळा दीड किलोमीटर. जाऊन येऊन तीन.

"तीन," ती हळूच म्हणाली.

"तीनशे?"

"तीन."

भुजंगने एक सुबक बॅटरी पुढे सरकवली. "ही घ्या. साठ व्होल्ट, वीसची. सीटखाली बराबर बसती. पन्नासच्या वर जाती. आठवडाभर चार्जिंगला हात लावायचं काम न्हाई."

"मोठी दाखवा."

त्याने तीसची दाखवली. ऐंशी किलोमीटर.

"याच्यापेक्षा मोठी?"

"ताई, जायचंय कुठं?"

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं: साधनापेक्षा एक किलोमीटर पुढे. पण असं उत्तर दुकानात देता येत नाही. "विचार करून सांगते," म्हणून पायल परत आली.

तिने विचार करून सांगते म्हटल्याची बातमी तिच्याआधी घरी पोचली असावी, कारण जिन्यातच अण्णासाहेब भेटले. अण्णासाहेब म्हणजे सोसायटीचे चेअरमन, भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त. निवृत्त फक्त कार्यालयातून. स्वभाव अजून नोकरीतच होता.

"लिथियम-बिथियमच्या नादी लागू नका पोरी. शिसं-आम्लाची घ्या. माझ्या इन्व्हर्टरची बघा, नऊ वर्षं झाली. महिन्याला पाणी घालायचं, झाडाला घालतो तसं."

"काका, साठ व्होल्टला तशा पाच लागतात. चाळीस किलो वजन. आणि दीड वर्षात बसतात."

"बसतात तर बसू द्या. शिशाची ब्याटरी निदान सांगून बसते. हळूहळू."

घरात बेबीनंदांचं वेगळंच. "विहारातल्या बाया सांगत होत्या, कुण्या पोराचा मोबाईल उशाखाली फुटला म्हणं. येवढुसा मोबाईल फुटतो, मंग हे तर धूड!"

इथे मात्र पायलच्या आतली बी.एस्सी. जागी झाली. तिने सासूबाईंना समोर बसवून समजावलं. लिथियममध्येही जाती आहेत. एक हलकी असते, पण फार तापली की बिथरते. दुसरी लोखंड आणि फॉस्फेटची, थोडी जड, पण जालन्याच्या मे महिन्यात त्रेचाळीस डिग्रीलाही डोकं शांत ठेवते, आणि वर्षानुवर्षं टिकते. "कारण तिच्यातलं फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं, आई. सुटू देत नाही."

"बरंय की," बेबीनंदा म्हणाल्या. "धरून ठेवणारं कुणीतरी लागतंच घरात."

"शिवाय आत बीएमएस असतो. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवतो. कुणी जास्त तापलं, कुणी जास्त खाल्लं, की लगेच पुरवठा बंद."

"म्हंजी सासूच की!"

शास्त्रीयदृष्ट्या त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

तर जात ठरली, आणि इमानदारीने सांगायचं तर ती अगदी योग्य ठरली. सगळ्या प्रकरणात डोक्याने घेतलेला एवढा एकच निर्णय. आकार मात्र डोक्याने ठरला नाही. संघपाल संध्याकाळी आला, पायलची आकडेमोड भरलेली वही त्याने शिक्षकाच्या नजरेने तपासली आणि विचारलं, "गणित बरोबर आहे. पण तुला जायचंय कुठं?"

"जायचं असं नाही काही. पण गेलं तर?"

"शाळा दीड किलोमीटर आहे."

"साधनाच्या पण मुलाची शाळा दीडच किलोमीटर आहे. तिला शंभर कशाला लागतात हे विचारलं का कुणी?"

संघपालने वही मिटली. अठरा वर्षं मुलांना शिकवणाऱ्या माणसाला प्रश्न कुठे थांबवायचा ते कळतं.

पायलने भुजंगला फोन केला. साठ व्होल्ट, पंचेचाळीस अँपिअर-अवर. एकशे वीस किलोमीटर. "तयार नसती येवढी, बांधून घ्यावी लागंल," तो म्हणाला. "बांधा," पायल म्हणाली, आणि त्या रात्री तिने कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण केलं.

आता चार्जिंगची सोय. पार्किंगमध्ये प्लगसाठी सोसायटीची परवानगी हवी. अण्णासाहेबांनी कोरा अर्ज दिला, तीन प्रतींत, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "चतुःसीमा लिहा."

"कशाची?"

"प्लगची. जागा निश्चित नको का व्हायला? उद्या दुसऱ्यानं हक्क सांगितला तर?"

पायलने लिहिलं: पूर्वेस पाण्याची मोटर, पश्चिमेस सौ. साधनाताईंची स्कूटर, उत्तरेस कचराकुंडी, दक्षिणेस मोकळी भिंत. अण्णासाहेबांनी चष्मा वर केला. "स्कूटर ही चल वस्तू आहे. हद्द म्हणून चालत नाही. तिथं खांब दाखवा."

"काका, साधनाच्या प्लगची चतुःसीमा घेतली होती का तुम्ही?"

"त्यांच्या वक्ताला कंपनीचा माणूस आल्ता, टाय घालून. त्याला काय चतुःसीमा विचारायची?" अण्णासाहेब खरोखरच दुखावल्यासारखे दिसले. "तुमचा अर्ज सर्वसाधारण सभेत ठेवतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी."

फेरी शनिवारी आणि सभा त्याच्या पुढच्या रविवारी. म्हणजे बॅटरी घरात चार्ज करणं आलं.

मंगळवारी बॅटरी आली, गाडीच्या दोन दिवस आधी. गाडीला रंग बाकी होता. सव्वीस किलोची पेटी, दोन्ही बाजूंना पट्टे. भुजंगचा माणूस ती खाली ठेवून निघून गेला. एक पट्टा पायलने धरला, दुसरा बेबीनंदांनी. पहिल्या मजल्यावर टेकवली. "माझ्या लग्नात रुखवताची पेटी हलकी होती याच्यापरीस," बेबीनंदा म्हणाल्या. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा टेकवली, आणि तिथे वरून साधना उतरली.

"अगंबाई, मावशी, तुम्ही कशाला? सोडा बरं!" म्हणत तिने सासूबाईंच्या हातातला पट्टा घेतला आणि खांद्याला पर्स तशीच ठेवून, एका हाताने, बोलत बोलत चढायला लागली. पायल दोन हातांनी धापा टाकत मागे. "किती जड आहे हो! किती जाते?"

हाच तो क्षण. पायलने श्वास सावरला. "एकशे... वीस."

"बापरे! आमची तर शंभर म्हणतात, जाते ऐंशीच," साधना मोकळेपणाने म्हणाली आणि पेटी दारात ठेवून गेलीसुद्धा. तिच्या तोंडावर एकही रेघ हलली नव्हती. पायलने दोन आठवडे ज्या वाक्याची तयारी केली होती ते असं जिन्यात सांडून गेलं.

पुढचे दोन दिवस बॅटरी बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसून होती. बेबीनंदांनी तिच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. विहारातल्या दोन बाया मुद्दाम बघायला आल्या, पाहुण्याला बघतात तशा, लांबून. चार्जर लावला आणि मिक्सर सुरू केला की मेन स्विच पडायचा. मिक्सर थांबवला तर चटणी राहायची. गीझरच्या वेळी पायल प्लग काढायची, मालिकेच्या वेळी बेबीनंदा काढायच्या, आणि दोघीही दुसरीने परत लावला असेल असं धरून चालायच्या. बुधवारी रात्रीपर्यंत बॅटरी निम्म्यावर आली होती आणि घरात कुणाच्याही पोटात चटणी नव्हती.

गुरुवारी दुपारी गाडी आली. पिवळी. साधनाची आकाशी होती, म्हणून पायलने मुद्दाम पिवळी सांगितली होती, लांबून ओळखू यावी अशी. बॅटरी सीटखाली बसत नव्हती, अर्थातच. भुजंगने ती पुढच्या फळीवर आडवी ठेवली, लोखंडी पट्टीने आवळली आणि म्हणाला, "मजबूत बसली. आता पाय तेवढे फाकवून ठेवा, दोन बाजूला."

पायल बसली. बैलगाडीच्या जूवर बसावं तशी बसली, पण बसली. आणि गाडी आवाज न करता सुरू झाली. भुजंगचे आकडे खरे की खोटे हे तपासायला हवंच होतं. तिने सोसायटीच्या मागच्या मोकळ्या मैदानाला फेऱ्या मारायला सुरुवात केली. ताशी पंचवीस. फेरी मोजायचं काम बेबीनंदांकडे: गॅलरीत शेंगांची परात घेऊन प्रत्येक फेरीला एक शेंग बाजूला काढायची. तासाभराने पायलने खालून ओरडून विचारलं, "आई, किती झाल्या?"

वर बेबीनंदांनी आधी परातीत पाहिलं. मग, "खाल्ल्या गेल्या गं त्या!"

हळूहळू गॅलऱ्या भरल्या. अण्णासाहेब खुर्ची घेऊन बसले. "ही मोजणी चाललीय का हद्द कायम करून राह्यल्या?" असं त्यांनी कुणाला तरी विचारलं. पायलचं लक्ष नव्हतं. तिचं लक्ष तिसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीकडे होतं, आणि तिथे साधना कपडे वाळत घालत होती, पाठ करून. पायलने आणखी दहा फेऱ्या मारल्या. साधना कपडे वाळत घालून आत गेली. तेवढ्या दहा फेऱ्या वाया.

पाच वाजता शाळा सुटून अर्पिता आली. साधनाच्या गाडीवरून उतरली आणि पिवळी गाडी बघून धावत सुटली. "मम्मी! आपली? आपली गाडी?" तिने गुलाबी हेल्मेट नीट केलं, एक पाय उचलला आणि फळीवर ठेवायला गेली. पाय हवेतच राहिला. तिने खाली बॅटरीकडे पाहिलं, मग पट्टीकडे, मग आईकडे.

"मम्मी, मी कुठं?"

पायल गाडीवर तशीच बसून राहिली, दोन बाजूला दोन पाय.

मागे बसवायचं तर अर्पिताचे पाय टेकत नव्हते आणि तिला बॅटरीवर उभं करण्याचा तर प्रश्नच नव्हता. अर्पिता समजूतदारपणे म्हणाली, "असू दे. तू ही गाडी घेऊन ये. मी साधना काकूबरोबर येते, तुझ्या पुढं." आणि खेळायला पळाली.

शुक्रवारी सकाळी भुजंग शटर वर करत होता तेव्हा पायल दुकानासमोर उभी होती.

"अहो भुजंगदादा, मुलीला उभं राहायला जागाच नाही!"

भुजंगने शटर अर्ध्यावर सोडलं. "कोणती मुलगी?"

"माझी! तिच्यासाठीच तर घेतली गाडी!"

"ताई," तो अगदी शांतपणे म्हणाला, "पंधरा दिवस झाले बोलून राह्यलो आपण. व्होल्ट झालं, अँपिअर झालं, ऊन झालं, फॉस्फेट झालं. पोरगी बसवायचीय, असं एकदा तरी बोल्ल्या का तुम्ही?"

पायलने आठवून पाहिलं. एकदाही नाही. साधनाचं नावही तिने घेतलं नव्हतं, पण ते निदान प्रत्येक आकड्यात होतं. अर्पिताचं कुठेच नव्हतं. डोळ्यांत पाणी यायला लागलं तसं तिने ओढणीने कपाळाचा घाम पुसला, म्हणजे दोन्ही कामं झाली.

भुजंग विरघळला. "थांबा. कुंभार पिंपळगावचे कारभारी काका हायेत, बाजाराला भाजीचा तीनचाकी लोडर चालवतात, साठ व्होल्टचाच. त्यांना अशीच दांडगी पाहिजे होती. लागले की ते आठवडाभर मागं." त्याने फोन लावला. कारभारी काका तिकडून इतके खूश झाले की आवाज रस्त्यावर ऐकू आला. आणि भुजंगने तीच पहिल्या दिवशीची सुबक, वीसची बॅटरी सीटखाली सरकवली. खट्ट करून बसली. पुढची फळी मोकळी झाली, रिकामी, दोन लहान पावलांएवढी.

पन्नास किलोमीटर. साधनाच्या निम्मे. पायलने आकड्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. आपली पंचेचाळीसची बॅटरी उद्या कुणाच्या तरी वांग्यांखाली असेल, या विचाराने तिला त्या लोडरचासुद्धा हेवा वाटला.

आता फक्त रकाना बदलायचा राहिला. अक्षता मॅडमना फोन सोपा होता. साधनाला सांगणं अवघड. पायलने दार वाजवलं आणि घोकलेलं वाक्य म्हटलं, "साधना, उद्या अर्पीला मी नेते माझ्या गाडीवर. म्हणजे, तुझं मन नको दुखायला."

"मन?" साधनाने तिचा हातच धरला. "बरं झालं बाई! तुम्हाला काय सांगू, दोन महिने आमचा धर्मू रोज रात्री रडून राह्यला. माझी मम्मी, माझी गाडी, अन् पुढं तीच का उभी राहते, म्हणून. बोलायचं कसं तुम्हाला, पोरगी एवढी खूश असायची."

पायल दार लावून आत आली. दोन महिने समोरच्या घरात कुणीतरी आपल्या घराचा हेवा करत होतं! वय पाच असेना का. त्या रात्री तिला फार शांत झोप लागली, आणि त्याची तिला सकाळी थोडी लाजही वाटली. थोडीच.

शनिवारी शाळेपुढे अकरा गाड्या उभ्या होत्या. हिरवे झेंडे, शिट्ट्या, बायकांच्या पदरांना लावलेल्या पिना. पायलने पिवळी गाडी काढली, अर्पिता फळीवर चढली आणि तिच्या दोन हातांच्या मधे मावली, तिचं हेल्मेट पायलच्या हनुवटीला टेकत होतं. अण्णासाहेबांची चतुःसीमा, जिन्यातली धाप, खाल्ल्या गेलेल्या शेंगा, सगळं या एका टेकण्यापुढे गेलं. फेरी निघाली. बाकीच्या गाड्या हळूहळू पुढे जाऊ लागल्या, पायल पंचविसाने मागून. तिला आता कुणाच्याही पुढे जायचं नव्हतं. निदान त्या चौकापर्यंत तरी नव्हतं.

चौकात फेरी थांबली आणि साधनाची आकाशी गाडी अगदी शेजारी आली. पुढे फळीवर धर्मराज उभा होता, छाती काढून. साधनाने त्याला हॉर्न वाजवायला दिला होता. त्याने तो वाजवला. आणि पुन्हा वाजवला, अर्पिताकडे बघत.

पायलने हसून साधनाला हात केला. मग तिला जाणवलं, आपल्या हातांमधलं छोटं अंग ताठ झालंय. अर्पिताने झेंडा खाली केला होता. ती रस्त्याकडे, तलावाकडे, आईकडे, कुठेच बघत नव्हती. डोळे बारीक करून ती आकाशी गाडीची फळी बघत होती, धर्मराजच्या बुटांपासून कडेपर्यंत.

"मम्मी," ती दबक्या आवाजात म्हणाली, "त्याची जागा मोठी आहे का माझी?"

एखादी शहाणी आई इथे म्हणाली असती, बाळा, जागा सारखीच असते. पायल सुशिक्षित होती, वाचनात बरंच काही होतं, आणि तिला ते वाक्य येतही होतं.

तिने वाकून दोन्ही फळ्या नजरेने मोजल्या.

"तुझी," ती म्हणाली. "दोन बोटं जास्तच."